उंदीर आधी अंगणात पडतो

मोगल बादशहा जहांगीर याला दिसेल ते टिपून ठेवण्याची सवय होती. पक्षी, फळे, हवामान, शिकार, माणसांचे स्वभाव, सगळ्याला त्याच्या ‘तुझुक-ए-जहांगिरी’ या फारसी आत्मचरित्रात जागा आहे. त्यात एक उंदीरही आहे. १६१९च्या सुमारास आग्रा आणि आसपासच्या गावांत प्लेग पसरला होता. त्या दिवसांत आसफखान नावाच्या दिवंगत सरदाराच्या मुलीने बादशहाला आपल्या घरातली हकिकत सांगितली आणि त्याने ती जशीच्या तशी लिहून काढली.

तिच्या अंगणात एक उंदीर आला. दारुड्यासारखा झोकांड्या खात होता, पडत होता, उठत होता, कुठे जावे हे त्याला उमजत नव्हते. तिने दासीला सांगितले, शेपटीला धर आणि मांजरापुढे टाक. मांजराने आनंदाने झडप घातली, तोंडात धरले आणि किळस आल्यासारखे लगेच टाकून दिले. मग मांजर आजारी पडले. त्याची जीभ आणि टाळू काळे पडले. दोन-तीन दिवस तळमळून ते सावरले. पण तोवर उंदराला हात लावणाऱ्या दासीच्या अंगावर गाठ उठली होती. ताप चढला, रंग पिवळा पडला आणि ती गेली. त्यानंतर त्या एका घरातून सात-आठ माणसे गेली. उरलेल्यांनी घर सोडून बागेत मुक्काम हलवला.

त्याच दरबारातला इतिहासकार मुतमिदखान याने याहून नेमकी गोष्ट नोंदवली आहे. साथ यायच्या आधी उंदीर वेड लागल्यासारखा बिळातून बाहेर पडतो, दारा-भिंतींवर आपटतो आणि मरतो. ही खूण पाहून जे लोक लगेच घर सोडून रानात जातात ते वाचतात. जे जात नाहीत, त्यांची गावेच्या गावे ओस पडतात. प्लेगच्या जंतूचा शोध लागायला तेव्हा पावणेतीनशे वर्षे अवकाश होता. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ साली प्रयोगाने दाखवले, आणि त्याच्यावरही पुढे कितीतरी वर्षे तज्ज्ञांचा विश्वास बसला नाही. पंजाबातल्या खेडुतांना कारण ठाऊक नव्हते, पण खूण ठाऊक होती.

साथीच्या रोगांचा इतिहास वाचताना हे पुन्हा पुन्हा दिसते. पहिली खूण प्रयोगशाळेत उमटत नाही. ती अंगण झाडणाऱ्या बाईला दिसते, धान्याच्या वखारीतल्या हमालाला दिसते, गल्लीतल्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला दिसते. ती पाहणाऱ्याच्या शब्दाला मात्र वजन नसते. आणि ज्याच्या शब्दाला वजन असते, त्याला ती ऐकण्यात तोटा दिसतो.

मुंबईत हेच झाले. १८९६च्या पावसाळ्यात मांडवी बंदराजवळच्या धान्याच्या वखारींत उंदीर मरू लागले. तिथे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे डॉक्टर व्यवसाय करत होते. रोग्यांच्या जांघेतल्या आणि काखेतल्या गाठी पाहून २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी हा प्लेग असल्याचे जाहीर सांगितले. सुरुवातीला अधिकारी तो शब्द उच्चारायलाही कचरत होते. कारण उघड होते. मुंबईत प्लेग आहे असे म्हटले की परदेशी बंदरांत मुंबईची जहाजे अडणार, कापूस अडणार, धान्य अडणार. पुढे झालेही तसेच. १८९७ साली मुंबईहून हजला जाणारी जहाजेसुद्धा बंद करावी लागली. पण उशिरा मान्य केल्याने रोग थांबला नव्हता. जवळजवळ निम्मी मुंबई शहर सोडून निघाली आणि रेल्वेबरोबर प्लेग राज्यभर पोहोचला. पुण्यात रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, त्या याच साथीत.

आधी कानाडोळा करणारे सरकार नंतर घाबरले आणि घाबरलेले सरकार दांडगाई करते. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोग कायदा आला. (हाच कायदा मार्च २०२०मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला.) पुण्यात रँडच्या पथकांनी घराघरांत घुसून काय केले हे मराठी वाचकाला सांगायला नको. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी जुलाहा, म्हणजे मुस्लिम विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला उचलून नेण्यावरून दंगल पेटली. ब्राह्मणाचे देवघर असो की विणकराचा जनाना, बूट घालून आत शिरणाऱ्याविषयी दोघांनाही सारखेच वाटले. याचा एक परिणाम लगेच दिसला. लोक रोगी लपवू लागले. कपाटामागे, माळ्यावर, दुसऱ्या गावी. ज्या घरातून खबर यायची तेच घर दार लावून बसले. सर आगाखान यांनी त्या दिवसांत वेगळी वाट धरली. हाफकिन यांची नवी लस त्यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतली. हुकूम काढून जे होत नव्हते, त्यातले थोडेफार या एका कृतीने झाले.

आता शेजारच्या बीड जिल्ह्यात जाऊ. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याची भीती बीडमध्येही पसरली होती. पुढचे अनेक महिने अनेक कुटुंबे घराबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागली. माणसे बाहेर आणि धान्याची पोती घरात, अशी उलटी मांडणी झाली. उंदरांना याहून काय हवे? त्यांची संख्या वाढण्यामागे हे कारण असावे, असे नंतर तपास करणाऱ्या तज्ज्ञांनी मांडले. ऑगस्ट १९९४मध्ये बीडजवळच्या मामला या छोट्या गावात उंदीर मरून पडू लागले. मग पिसवांचा त्रास सुरू झाला. उंदीर मेला की त्याच्या थंड पडलेल्या अंगावरून पिसवा उतरतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात. ते अंग माणसाचे असते. मामलाच्या लोकांनी पिसवांची तक्रार ऑगस्टच्या अखेरीस यंत्रणेकडे केली. फवारणी झाली. सप्टेंबरच्या मध्यावर गाठींचे, तापाचे रुग्ण दिसू लागले आणि प्लेगचा संशय व्यक्त झाला.

म्हणजे उंदीर, पिसू, गाठ. मुतमिदखानाने लिहिली तीच खूण, त्याच क्रमाने. पण १९६६नंतर देशात माणसाला प्लेग झाल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झाले नव्हते. जवळपास तीस वर्षे शांततेत गेली की पहारेकरी पेंगतो. प्लेगवर नजर ठेवणारी यंत्रणा ढिली पडली होती आणि नव्या पिढीतल्या बहुतेक डॉक्टरांनी हा रोग फक्त पुस्तकात पाहिला होता. मामलाचे खरे तर मोठे काही बिघडले नाही. गाठीचा प्लेग वेळेवर टेट्रासायक्लिन दिल्यास बरा होतो. बिघडले ते सुरतेत. त्याच सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे फुप्फुसाचा प्लेग उसळला. तो खोकल्यातून पसरतो आणि उपचार झाला नाही तर दोन-तीन दिवसांत माणूस जातो. बीडचा रोग सुरतेला गेला की दोन्हींची मुळे वेगळी, हे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. मात्र सुरतेत पहिल्या तासांत अधिकृत आवाज उमटला नाही आणि ती जागा अफवेने घेतली. पाण्यात विष कालवले आहे, असे लोक एकमेकांना सांगत सुटले. काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. त्यांत खानदेशातले आणि मराठवाड्यातले कामगारही होते. मृत्यूंचा आकडा देशभरात पन्नासच्या थोडा वर राहिला. पण परदेशांनी विमाने थांबवली, माल परत पाठवला, आणि देशाचे नुकसान अब्जावधी रुपयांत गेले. रोगापेक्षा धास्तीची किंमत जास्त बसली.

इथे एक प्रश्न उरतोच. मामलाच्या पिसवांची तक्रार वाचून एखाद्या अधिकाऱ्याने नेमके काय करायला हवे होते? पिसवा तर कुठेही होतात. उंदीर तर रोज मरतात. प्रत्येक मेल्या उंदराला प्लेग म्हणत सुटले तर ‘लांडगा आला रे’ची गत व्हायची. पूर्वसूचनेची अडचण हीच आहे. ती कधीच पूर्ण नसते. पूर्ण होते तेव्हा ती सूचना राहत नाही, बातमी होते.

अपुऱ्या माहितीवर निर्णय कसा घ्यावा, याची एक हकिकत इस्लामी इतिहासात प्रसिद्ध आहे. इसवी सन ६३९च्या सुमारास दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) शाम, म्हणजे आजच्या सीरियाकडे निघाले होते. सरग या ठिकाणी सेनापती त्यांना सामोरे आले आणि म्हणाले, पुढे साथ आहे. ही साथ इतिहासात ‘ताऊन-ए-अमवास’ म्हणून ओळखली जाते. पुढे जावे की मागे फिरावे? खलिफांनी एकट्याने ठरवले नाही. आधी मक्केहून हिजरत करून आलेल्यांना बोलावले, मग मदिनेच्या मूळ रहिवाशांना. दोन्हीकडे मतभेद झाले. कामासाठी निघालो आहोत, मागे कसे फिरायचे, असे काहींचे म्हणणे होते. मग कुरैशांमधल्या अनुभवी वृद्धांना विचारले. ते एका आवाजात म्हणाले, माणसे धोक्यात घालू नका. सकाळी परतीचा हुकूम निघाला.

हजरत अबू उबैदा (रजि.) हे ज्येष्ठ सहाबी होते, शामच्या फौजेचे प्रमुख. त्यांनी विचारले, हे अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून पळणे नाही का? उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता की आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. त्यांनी दाखला दिला तो उंटवाल्याला कळेल असा. दरीचा एक उतार हिरवा आहे, दुसरा कोरडा. उंट कुठेही चारला तरी ते विधिलिखितच. मग शहाणा माणूस हिरवा उतार सोडून देईल का? एवढी चर्चा संपल्यावर अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले. ते त्या वेळी तिथे नव्हते. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सांगितली की एखाद्या भागात साथ असल्याचे ऐकले तर तिथे जाऊ नये, आणि आपण असू तिथे साथ आली तर तिथून पळून जाऊ नये. आज आपण ज्याला विलगीकरण म्हणतो, त्याचाच हा दोन्ही बाजूंनी केलेला नियम.

रमजानमध्ये ही हकिकत मशिदींत अनेकदा सांगितली जाते. तीत लक्ष द्यावे असे बरेच काही आहे, पण सर्वांत महत्त्वाचा तपशील बहुधा निसटतो. उमर यांनी हुकूम काढला तेव्हा त्यांना ही शिकवण माहीत नव्हती. त्यांच्याकडे फक्त वाटेत भेटलेल्या माणसांनी दिलेली खबर होती आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला होता. तेवढ्यावर त्यांनी मोहीम फिरवली. एका साम्राज्याच्या प्रमुखाने अर्ध्या वाटेवरून परत जाणे ही काही लहान गोष्ट नव्हती. अबू उबैदा आपल्या माणसांत शामलाच थांबले आणि त्याच साथीत गेले.

‘लिहिलेले टळत नाही’ हे वाक्य काही एका धर्माची मिरास नाही. ते कोपरगावच्या बाजारपेठेत जितके ऐकू येते तितकेच कसबे भागात. आणि मजा अशी की ते वाक्य दुकानाला कुलूप लावताना कोणी म्हणत नाही, दवाखान्यात जायची वेळ आली की म्हणतात.

सुरतेनंतर देशाने धडा घेतला, थोडा सावकाश. नोव्हेंबर २००४मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. त्याची रचना साधी आहे. उपकेंद्रातली आरोग्यसेविका लक्षणे पाहून नोंद करते, डॉक्टर संशयित निदानाची नोंद करतो, प्रयोगशाळा पक्क्या निदानाची. तिन्ही नोंदी जिल्ह्याला जातात. कागदांची जागा आता संगणकाने घेतली आहे. यातली पहिली नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्यात रोगाचे नाव नसते. फक्त ‘ताप’, ‘जुलाब’, ‘ताप आणि पुरळ’ असते. अमुक वाडीत या आठवड्यात तापाचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त, एवढेच.

एवढेच पुरते, हे बेलसरने दाखवले. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातले हे गाव. २०२१च्या जुलैत, कोविडच्या धामधुमीत, तिथे तापाचे रुग्ण वाढले. तेव्हा प्रत्येक ताप कोविडचाच समजायची सवय झाली होती. तरी तिथून पाच नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत गेले. तीन चिकुनगुनियाचे निघाले. मग संस्थेचे पथक गावात आले, त्यांनी आणखी ४१ नमुने घेतले. पंचवीस चिकुनगुनिया, तीन डेंग्यू आणि एक झिका. महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण असा सापडला, ‘ताप वाढलाय’ ही साधी खबर कोणीतरी मनावर घेतली म्हणून. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरातून हातापायांतली शक्ती जाणारे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. गियाँ-बारे हा तसा विरळा आजार. रुग्णालयांतल्या डॉक्टरांना तो एकदम इतक्या जणांना झालेला दिसला आणि त्यांनी कळवले. बोट पाण्याकडे गेले. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली.

खबर देणाऱ्याला तोटा होत असेल तर काय घडते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २००६च्या सुरुवातीला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या मरू लागल्या. व्यावसायिकांनी मानले की हा नेहमीचा राणीखेत. मानायला तेच सोयीचे होते. १८ फेब्रुवारीला तो बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले, देशातला पहिला, आणि लाखो पक्षी मारावे लागले. ज्याची अख्खी पुंजी त्या शेडमध्ये आहे, त्याने पहिल्या दिवशी फोन करावा असे वाटत असेल, तर भरपाईचे पैसे वेळेवर आणि पुरेसे मिळतील, ही खात्री त्याला आधी हवी. नुसत्या आवाहनांनी फोन येत नसतात.

कोपरगावचे काय? गोदावरीकाठच्या या गावाने नदीचे पूर पाहिले आहेत आणि नळाची वाटही पाहिली आहे. कालव्याचे आवर्तन सुटायचे, येसगावची साठवण तळी भरायची आणि मग शहराला पाणी, तेही वर्षानुवर्षे काही दिवसांआड. त्यामुळे इथल्या घरांत पाणी साठवण्याची विद्या पिढीजात आहे. टाक्या, पिंपे, रांजण, हंडे, बादल्या, जिन्याखालचा हौद. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो. मादी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी घालते. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात, आणि पाणी पुन्हा वर चढले की उमलतात. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असे आरोग्य खाते सांगते ते याच हिशोबाने. पण ज्या घरात पुढचे पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, त्या घरातली बाई भरलेले पिंप ओतून कसे देईल? तिला हे सांगताना पाणी कोणत्या दिवशी येणार तेही नक्की सांगता आले पाहिजे. झाकण घट्ट बसवणे आणि पिंप रिकामे होईल तेव्हा आतली कड घासून काढणे, एवढे मात्र तिच्या हातात आहे. घराघरांत जाऊन भांडी तपासणाऱ्या आशाताईला अनेक घरी दारातूनच परत पाठवले जाते. ती कोणाची स्वच्छता तपासायला येत नाही. ती अळ्या मोजायला येते, आणि ज्या गल्लीत त्या जास्त दिसतात तिथे ताप येण्याच्या आधी फवारणी पोहोचू शकते.

रमजानमध्ये एक गोष्ट जास्तीची घडते. दिवसभराच्या रोजानंतर अंग दुखले, डोके जड झाले तर ते उपवासाने, असे समजून घरचे गप्प बसतात. अशक्तपणा उपवासाने येतो, पण ताप उपवासाने येत नाही. तो येतो तेव्हा त्याला दुसरे कारण असते. आजारी माणसाला रोजा सोडून तो नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआनात, रोजाच्या आज्ञेसोबतच दिलेली आहे. तरी पुष्कळ वडीलधारी माणसे तापातही रोजा सोडत नाहीत आणि डॉक्टरकडे ईदनंतरच जातात. तोवर त्याच गल्लीत आणखी चौघे आडवे झालेले असतात, आणि ते चौघे चार वेगवेगळ्या दवाखान्यांत गेल्याने हे चार ताप एकच आहेत हे कोणाच्या लक्षात येत नाही.

ते लक्षात येण्याची एक जागा मात्र या महिन्यात रोज असते. तरावीहच्या नमाजला एकाच मोहल्ल्यातली माणसे रोज रात्री एका रांगेत उभी राहतात. आज रांगेत कोण नाही, हे शेजारच्याला लगेच कळते. एकाच आठवड्यात चार-पाच जागा रिकाम्या दिसल्या, तर चौकशी घरी जाऊन करावी, आणि तापच असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी आशाताईला किंवा नगरपालिकेच्या दवाखान्यात सांगावे. एरवी हरिनाम सप्ताहाच्या मांडवात, दूध संकलन केंद्रावर, शाळेच्या हजेरीपटावरही अशा रिकाम्या जागा दिसतात. एकाच वर्गातली सहा मुले तापाने घरी असतील, तर ते वर्गशिक्षकाला तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या आधी माहीत असते. गाडीने कोपरगाव स्थानकावर उतरून शिर्डीला जाणारे भाविक देशभरातून येतात. ईदला मुंबई, मालेगाव, सुरतेहून लेकी-जावई येतात. त्यांच्याबरोबर काय येईल हे कोणत्याही यंत्रणेला आधी कळणार नाही. ते सर्वांत आधी कळेल ते घरातल्या कोणाला तरी.